पुरता भाव

उन्हं कलण्याआधी अशी एक घटका येते, की गिऱ्हाईकही डुलकी घेत असतं आणि दुकानदारही. जागा असतो तो फक्त काटा. अशा घटकेला कंपाउंडर सराफाच्या दुकानाची पायरी चढला. त्याच्या हातात लोकरीचा एक मोजा होता, आणि मोज्याच्या टाचेत काहीतरी जड लोंबत होतं.

सराफाने एक डोळा उघडला. "या. एकच मोजा आणलात? दुसरा गहाण पडला की काय?"

एरवी कंपाउंडर हसला असता. ओळख जुनी होती. नाक्यावरचा दवाखाना चालू होता तेव्हा सराफाच्या खोकल्याचं लाल औषध हाच बाटलीत भरून द्यायचा. पुढे डॉक्टर गेले, दवाखान्याला कुलूप लागलं, पण कंपाउंडरचं नाव काही सुटलं नाही. मैत्री म्हणावी असं दोघांत नव्हतं. रस्त्यात दिसले तर थांबून दोन शब्द बोलावेत, इतकंच. कंपाउंडरची बायको गेली तेव्हा सराफ जाऊन आला होता. जिन्यात उभं राहून काय बोलावं ते न सुचून 'सुटल्या बिचाऱ्या' असं म्हणाला होता, आणि घरी येईपर्यंत स्वतःवर चिडला होता.

"विकायची आहेत," कंपाउंडर म्हणाला आणि त्याने मोजा गादीवर रिकामा केला.

चांदीची जुनी नाणी होती. जाड, वजनदार, काठ झिजलेली. कुठल्यातरी राजाचा चेहरा होता, पण घासून घासून त्याचं नाक तेवढं उरलं होतं. सराफाची झोप उडाली. अशी नाणी हल्ली बघायलाही मिळत नाहीत. त्याने भिंग डोळ्याला लावलं, एकेक नाणं काट्यात टाकलं, कसोटीवर घासून तेजाबाचा थेंब सोडला. चांदी अस्सल होती. उरला नाद.

दुकानात त्याच्या वडिलांच्या वेळेपासून एक काळी फरशी होती. नाणं तिच्यावर टाकायचं आणि कान द्यायचा. बाकी सगळं फसवेल, फरशी फसवणार नाही, असं वडील म्हणायचे. सराफाने एक नाणं उचलून टाकलं.

नाणं पडलं. गरगरलं. आडवं झालं. आवाज आला नाही.

बद्द वाजलं असतं तर त्याला नवल वाटलं नसतं. आत चीर असली, शिशाची भेसळ असली की नाणं बद्द बोलतं. पण हे बद्द नव्हतं. हे काहीच नव्हतं. कापसाच्या ढिगावर पडावं तसं ते पडलं होतं. सराफाने कानात करंगळी घालून हलवली. खणातलं स्वतःचं एक नाणं काढून टाकलं, ते खणखणीत वाजलं. मग कंपाउंडरचं दुसरं टाकलं, तिसरं टाकलं. मुकी. सगळीच्या सगळी मुकी.

"वाजत नाहीत ना?" कंपाउंडरने विचारलं. तो फरशीकडे नव्हे, रस्त्याकडे बघत होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पूर्वी वाजायची. ती होती तोवर."

कंपाउंडर गादीच्या कडेला टेकला.

"तिची वाचा गेली होती, माहीतच आहे तुम्हाला. उजवं अंग लुळं. डावा हात तेवढा चालायचा. उशाशी स्टीलची वाटी ठेवली होती आणि ही नाणी, तिच्या वडिलांनी दिलेली. काही लागलं की नाणं वाटीत टाकायची. एकदा वाजलं की पाणी. दोनदा वाजलं की कूस बदला. तीनदा..." तो थांबला. "तीनदा म्हणजे काही नको, नुसते येऊन बसा."

"घंटी नाही का आणलीत एखादी?"

"आणली होती. तिला नको होती. म्हणाली..." कंपाउंडर स्वतःच चपापला. "म्हणते कसली. डोळ्यांनीच सांगितलं."

"मग ठेवा की. आठवण म्हणून."

"आठवण," कंपाउंडर म्हणाला. गोळी जिभेवर विरघळून कडू लागावी, तसं त्याचं तोंड झालं. "बाजारातल्या दुसऱ्या सराफाने अर्धा भाव सांगितला. वाजत नाहीत म्हणून. मी दिली नाहीत."

"बरं केलंत."

"अर्ध्या भावात दिली तर अर्धीच जातील."

सराफाला वाटलं, गडी थट्टेवर आला. तो हसला. कंपाउंडर हसला नाही.

आता सराफाच्या अंगी हजार दोष असतील, पण त्याचा काटा सरळ होता. विधवेचं मंगळसूत्र असो की चोराने हळूच पुढे सरकवलेली अंगठी असो, पहिल्याला तो रास्त भाव द्यायचा आणि दुसऱ्याला बाहेरचा रस्ता दाखवायचा. त्यावरून बायकोचे टोमणे खायचा, पण मनातून त्याला त्याचा अभिमान होता. त्याने नाण्यांच्या वजनाचा भाव काढला, जुन्या छापाचे वर धरले आणि रक्कम सांगितली.

"एवढे?" कंपाउंडर म्हणाला. "जरा कमी दिलेत तरी..."

"कमी का देऊ? तुमच्या दुःखावर बट्टा कापू का? चांदी बोलत नाही म्हणून खोटी ठरत नाही. माणसंही असतात कमी बोलणारी."

"म्हणजे हा पुरता भाव."

"पुरता."

"मग यातलं सगळंच तुमचं झालं," कंपाउंडर हळू म्हणाला. त्याने पैसे दोन्ही हातांनी घेतले आणि खिशात घातले. पायरी उतरताना तो मध्येच थांबला आणि मान तिरपी करून कसलीतरी चाहूल घेत राहिला. घाट उतरून आल्यावर कानातले दडे सुटतात तसा त्याचा चेहरा सैल झाला. मग तो मागे न बघता निघून गेला.

सराफ दुकानाच्या माडीवर राहायचा. घरात माणसं दोन आणि बोलणं चौघांचं. त्यातले तीन वाटे सराफिणीचे. लेक लग्न होऊन लांब गेली होती, तिच्या वाट्याचं बोलणंही आईनेच उचललं होतं. भाजीवालीशी, नळाशी, न उकळणाऱ्या दुधाशी, सगळ्यांशी ती बोलायची. सराफ ऐकत ऐकत पेपर वाचायचा आणि त्याला दोन्ही कळायचं.

त्या संध्याकाळी तिने अजून दिवा लावला नव्हता. खिडकीतून येणारा उजेड मळकट झाला होता, भांडी ओट्यावर निथळत होती. सराफ चहाचा कप तोंडाला लावणार, तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला.

खण्.

बारीक, स्वच्छ आवाज होता. आधी भांड्याच्या काठाला काहीतरी लागलं, मग तळाला. मागून तो सूर थरथरत थरथरत विरत गेला.

मागच्या खोलीत काही नव्हतं. जादा गाद्या होत्या, एक ट्रंक होती आणि सराफाच्या आईचा लोखंडी पलंग होता, ती गेल्यापासून उघडाच पडलेला.

"मांजर शिरलं वाटतं मेलं," सराफीण म्हणाली आणि उठून गेली. परत आली तेव्हा पदराने नाक पुसत होती. "मांजर नाही. पण अहो, खोलीत औषधाचा वास येतोय. आणि पावडरचा. झोपून असलेल्या माणसाच्या पाठीला लावतो ना आपण, तसला. तुमच्या आईला लावायचे मी."

सराफाने कप बशीत ठेवला. तो खाली गेला, तिजोरी उघडली. मोजा होता तिथेच होता, गाठ मारलेला. त्याने नाणी चाचपली. थंड होती. वर मागच्या खोलीत पुन्हा आवाज झाला. तिजोरीचं दार हातात धरून, नाण्यांवर बोटं ठेवून, सराफाने तो ऐकला.

त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती किंचाळेल, नाणी आत्ताच्या आत्ता बाहेर काढा म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. खरं तर तशी आशाच होती. ती म्हणाली, "बिचारी."

"कोण बिचारी?"

"तीच. एकदाच वाजतंय म्हणजे तहान लागलीय हो तिला."

ती तांब्याभर पाणी घेऊन आत गेली आणि पलंगाशी बसली. आवाज थांबला. बाहेर बसलेल्या सराफाला आतून बायकोचं बोलणं ऐकू येत होतं, जुन्या शेजारणीशी बोलावं तसं. दुधाचे भाव काय झाले, लेकीचा फोन आला नाही. मध्येच ती थांबायची, जणू समोरून कुणी उत्तर देत होतं.

मग ते रोजचंच झालं. आधी फक्त तिन्हीसांजेला, मग दुपारी, मग केव्हाही, हातातलं काम टाकून धावावं लागेल असं. एकदा, दोनदा, तीनदा. सराफीण जायची आणि आवाज थांबायचा. सराफ एकदा तिच्याआधी उठून गेला. खोलीत काळोख होता, गाद्यांचा कुबट वास होता आणि त्यावर तो दुसरा गोडसर वास तरंगत होता. तो पलंगाशी उभा राहिला. आवाज त्याच्या गुडघ्याजवळून येत राहिला, येत राहिला... मागून बायको आली, त्याला बाजूला सारून बसली, तेव्हा थांबला.

"तुमचं काम नाही ते," ती म्हणाली. रागाने नाही.

तिने पलंगावर गादी घातली. उशी ठेवली. तिचं स्वतःचं जेवण कमी झालं आणि बोलणंही. आधी नळाशी बोलणं थांबलं, मग भाजीवालीशी. तीन वाटे होते त्यातला एक उरला. सराफ पेपर धरून बसायचा आणि घरातल्या शांततेमुळे त्याला एकही ओळ वाचता यायची नाही.

"अगं, काहीतरी बोल," तो एकदा काकुळतीला येऊन म्हणाला.

तिने नवलाने त्याच्याकडे पाहिलं. "तिला बोलता येत नाही. तिच्यासमोर मी बडबड करत सुटू? बरं दिसतं का ते?"

दुसऱ्या दिवशी सराफाने मोजा खिशात कोंबला आणि दुकान बंद करून तो निघाला. नाणी परत द्यायची, पैसे बुडाले तरी चालतील, असं त्याने ठरवलं होतं. पण त्याला कंपाउंडरच्या घरापर्यंत जावंच लागलं नाही. बंद दवाखान्याच्या समोर, भर उन्हात, कंपाउंडर त्याच्याच दिशेने येत होता. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. त्याने छातीशी एक पाकीट धरलं होतं.

"मोजून घ्या," तो म्हणाला. "एक पैसा खर्चलेला नाही. माझी नाणी मला द्या."

"मी तीच द्यायला निघालो होतो."

सराफ म्हणाला, "मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर घेतली असती?" कंपाउंडर दवाखान्याच्या पायरीवर बसला. "ती गेली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून वाजायला लागलं. मी जायचो हो. प्रत्येक वेळी जायचो. पाणी धरून उभा राहायचो, चादर सारखी करायचो, तासन्‌तास बसायचो. थांबायचं नाही. माझ्या कानाशी, माझ्या हाताशी वाजत राहायचं. डोकं फुटायची वेळ आली. म्हटलं, विकून टाकावं. रीतसर विकावं, म्हणजे मागे काही उरणार नाही. आणि तुम्ही कमी भाव देणार नाही, हे ठाऊक होतं. म्हणून तुमच्याकडे आलो."

"मग आता परत का हवीत?"

"घर बहिरं झालंय." कंपाउंडरने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत झोप नव्हती, पाणीही नव्हतं. "इतकी वर्षं तिच्या हाकेला ओ देत आलो. आता कुणी हाक मारत नाही. मी मधूनच उठतो, पाण्याचा पेला भरतो आणि मग समजत नाही की हा कुणाला द्यायचा. शेठ, मी बायको विकली हो."

सराफाने त्याच्या हातात मोजा दिला. पाकीट न उघडता घेतलं, कारण घेतलं नसतं तर व्यवहार कच्चा राहिला असता. घरी परतताना त्याला कितीतरी दिवसांनी भूक लागली.

त्याने जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वरून आवाज आला. आधी काठाला, मग तळाला.

कंपाउंडर दुसऱ्याच दिवशी आला. काही विचारलं नाही. सराफाचा चेहरा बघून त्याला कळलं.

"माझ्याकडे नाही आली," तो म्हणाला. "रात्रभर वाटीत नाणी टाकत बसलो. मुकीच आहेत अजून. मला... मला वर येऊ द्याल?"

सराफ त्याला वर घेऊन गेला. सराफिणीने मान हलवून 'बसा' म्हटलं, तोंडाने नाही. संध्याकाळ उतरत होती. तिघं स्वयंपाकघरात बसले, दिवा लावायचं कुणालाच सुचलं नाही. कंपाउंडर सदऱ्याची चुकलेली बटणं काढून पुन्हा नीट लावत होता. केसांवरून हात फिरवत होता. परगावाहून आलेल्या बायकोला आणायला स्टेशनवर उभं राहावं तसा.

खण्. खण्. खण्.

कंपाउंडर ताडकन उठला. "तिचाच हात," तो कुजबुजला. "आधी काठाला लावते, मग सोडते. आलो गं. आलो मी."

तो आत गेला. दाराच्या फटीतून सराफाला त्याची पाठ दिसत होती. तो पलंगाच्या कडेला बसला, हात पुढे केला आणि हवेत कुणाचातरी हात हातात घ्यावा तसा धरून ठेवला.

खण्. खण्. खण्.

"इथेच आहे. बघ. मी बसलोय जवळ."

खण्. खण्. खण्... आता घाई होती त्या आवाजात. घाबरलेलं माणूस दार वाजवतं तशी. कंपाउंडर काहीतरी पुटपुटत होता, विनवत होता, आणि आवाज वाढतच चालला. भिंतीकडेची ट्रंक त्याने थरथरू लागली. सराफाने कान झाकले.

सराफीण उठली. आत जाऊन तिने कंपाउंडरच्या खांद्याला हात लावला. तो सरकला. ती त्याच्या जागी टेकली.

आवाज थांबला.

मग कंपाउंडर भिंतीला धरून उभा राहिला.

"वहिनी, माझं काय चुकलं, तेवढं विचाराल तिला?"

सराफीण पलंगाकडे बघत राहिली. तिने विचारलं की नाही, सराफाला कळलं नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "काही चुकलं नाही, भाऊजी." आणि मग, जरा थांबून, जड जिभेने, "तुम्ही घरी जा."

सराफाने तिच्या तोंडून ऐकलेले ते शेवटचे शब्द. सकाळी ती उठली नाही. उजवा गाल खाली ओघळला होता, उजवा हात गादीवर दुसऱ्या कुणाचा तरी ठेवून दिल्यासारखा पडला होता. ती स्वतःच्या अंथरुणात नव्हती. मागच्या खोलीत, लोखंडी पलंगावर होती. डॉक्टर आले, त्यांनी तळपायावर किल्ली ओढून पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली. रक्तदाब, वय, वगैरे बोलले. वाचा परत येण्याची आशा फार धरू नका, म्हणाले. कूस बदलायची तरी तुम्हालाच बदलावी लागेल, तिला जमणार नाही.

लेक आली, रडली, राहिली आणि घरी लहान मुलं म्हणून परत गेली. सराफाने उशाशी घंटी आणून ठेवली. डाव्या हाताने तिने ती खाली ढकलून दिली. पुन्हा ठेवली, पुन्हा ढकलली. तिची बोटं चादरीवर काहीतरी शोधत राहायची. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहायची. सराफाला समजत होतं ती काय मागते आहे. तो न समजल्यासारखं करत होता.

शेवटी एका दुपारी कंपाउंडर आपण होऊन मोजा घेऊन आला. बरोबर वाटीही होती.

"किती द्यायचे?" सराफाने विचारलं.

"काही नको."

"तसं नको. तसं घेतलं तर..." सराफ बोलायचा थांबला. तसं घेतलं तर काय होईल आणि पुरता भाव दिला तर काय होईल, यातलं कुठलं जास्त वाईट, हे त्याला आता सांगता आलं नसतं. त्याचा काटा पहिल्यांदाच कुठल्याच बाजूला झुकेना.

वर, मागच्या खोलीत, सराफिणीने नाणं बोटांत धरलं, वाटीच्या काठाला लावलं आणि सोडलं.

ते वाजलं. स्वच्छ, लांबवर थरथरत.

दारात उभ्या असलेल्या कंपाउंडरने डोळे मिटले. सराफाने त्याच्याकडे पाहिलं नाही. कारण तिच्या हाताची ती पद्धत नव्हती. सराफिणीने आयुष्यात कुठलीही गोष्ट अशी हळू, अशी काठाला टेकवून ठेवली नव्हती. ती वस्तू आदळायची.

त्यानंतर सराफाने दुकान जवळजवळ बंदच केलं. एकदा वाजलं की पाणी. दोनदा वाजलं की कूस. तीनदा वाजलं की तो जाऊन बसायचा, तिचा डावा हात हातात घ्यायचा आणि तिच्या वाट्याचंही आपणच बोलायचा. दुधाचे भाव, नळाचं पाणी, लेकीचा फोन. ती बोलत होती तेव्हा आपण पेपर का वाचला, असं त्याला वाटायचं. ती छताकडे बघत राहायची. तरी तो खूश होता म्हणावं, इतकी वाईट गत होती; कारण निदान ती बोलावत होती आणि तो गेला की थांबत होती.

कंपाउंडर रोज दुपारी यायचा. वर यायचा नाही. दुकानाच्या बाकावर, बंद फळीला पाठ लावून बसायचा आणि वरच्या आवाजाची वाट बघायचा. आवाज आला की त्याचे ओठ हलायचे. लोक म्हणायचे, म्हातारा भ्रमिष्ट झाला. सराफाला त्याला उठवून लावावं असं कधी वाटलं नाही. कधीकधी तो खाली येऊन त्याच्या शेजारी बसायचा.

अशाच एका दुपारी दोघं बसले होते. ऊन रस्त्यावर पांढरं झालं होतं. बराच वेळ वरून काही वाजलं नाही.

"झोपल्या असतील," कंपाउंडर म्हणाला.

"असेल," सराफ म्हणाला.

आणखी वेळ गेला. सराफाला बसवेना. पाण्याची वेळ टळून गेली होती, कूस बदलायची वेळ टळून गेली होती. तो उठला, जिना चढला, पेला भरून मागच्या खोलीच्या दाराशी आला.

नाणी वाटीत नव्हती. उशीखाली, चादरीवर, कुठेही नव्हती. वाटी पालथी घालून नीट ट्रंकेवर ठेवलेली होती.

सराफीण कुशीवर झोपली होती. तिला कुणी वळवलं नव्हतं, पण ती भिंतीला अंग चोरून, पलंगाची अर्धी जागा मोकळी सोडून वळलेली होती. तिचा चेहरा त्या मोकळ्या जागेकडे होता. कितीतरी दिवसांत तो इतका निवांत दिसला नव्हता. आणि तिचा उजवा हात, लुळा, डॉक्टरांनी सोडून दिलेला हात, त्या मोकळ्या जागेवर हळूहळू थोपटत होता. गादी जिथे थोपटली जात होती तिथे ती आणखी खाली जात नव्हती. ती आधीच दबलेली होती.

सराफ पेला धरून उभा राहिला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. आत यावं की नाही, हे विचारायला तिथे कुणी जागंही नव्हतं. खोलीत श्वास ऐकू येत होता, झोपेतला, संथ. तो ऐकता ऐकता सराफाच्या ध्यानात आलं की एक श्वास आत जात असतो तेव्हा दुसरा बाहेर येत असतो.

तो मागे सरकला. कडी वाजू नये म्हणून तिच्यावर बोट ठेवलं आणि दार अलगद ओढून घेतलं. झोपमोड व्हायला नको.

दोघींची.